घंटागाडीचा डबा कोण उचलतं?

जळगाव असो की धुळे, सकाळी गल्लीत घंटागाडी येते. घरोघरच्या बादल्या रित्या होतात, गाडी भरते आणि पुढे कुठेतरी मोठ्या गाडीपाशी जाऊन मागे लागते. चालक एक दांडी ओढतो. इंजिनाचा आवाज जड होतो आणि कचऱ्याने ठासून भरलेला लोखंडी डबा सावकाश वर चढतो. ओट्यावरून हे पाहणारं पोर हमखास विचारतं, "एवढं वजन उचलतं कोण?" मोठी माणसं सांगतात, "इंजिन." पण इंजिन तर नुसतं गोल फिरतं. डबा उचलायला सरळ आणि सावकाश ढकलणारा, शिवाय हवा तिथे थांबणारा जोर लागतो. गोल फिरण्यातून हा सरळ जोर निघतो कुठून, हा या प्रकरणाचा प्रश्न. उत्तर आहे बंद नळीत कोंडलेलं तेल.

1. तेलच का?

हवा दाबली की आकसते, द्रव दाबला तरी जवळजवळ आकसत नाही. म्हणून बंद भांड्यातल्या द्रवाला एका टोकाला दाबलं की तो दाब कुठेही न जिरता सगळीकडे सारखा पोचतो. फ्रान्समधल्या ब्लेझ पास्कलने सतराव्या शतकाच्या मध्यावर हा नियम मांडला. तो 1662 मध्ये वारला आणि त्याचा या विषयावरचा ग्रंथ पुढच्या वर्षी छापला गेला.

नियम घरी पडताळता येतो. इंजेक्शनच्या दोन सिरिंज घ्या, एक बारीक आणि एक जाड. सुया काढून दोन्हींची तोंडं पाण्याने भरलेल्या बारीक नळीने जोडा, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. बारीक सिरिंजच्या दट्ट्याचं क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटर आणि जाड सिरिंजच्या दट्ट्याचं चार, असं धरू. बारकीवर एक किलोचा जोर दिला की पाण्यात दर चौरस सेंटिमीटरला एक किलो दाब तयार होतो. जाड दट्ट्याच्या चारही चौरस सेंटिमीटरवर तो तेवढाच पडतो. म्हणजे जाड दट्ट्या चार किलोच्या जोराने वर येतो.

एक किलो देऊन चार किलो मिळाले, मग वरचे तीन आले कुठून? ते फुकट आलेले नाहीत. जाड दट्ट्या एक सेंटिमीटर वर यायला बारीक दट्ट्या चार सेंटिमीटर दाबावा लागतो. जोर चौपट झाला की हालचाल पावपट होते. हा हिशेब नीट लक्षात ठेवा, कारण डबा सावकाश का चढतो याचं अर्धं उत्तर त्यातच आहे.

पाण्याऐवजी तेल वापरण्याचं कारण साधं आहे. पाण्याने लोखंड गंजतं. तेलाने ते वाचतं आणि घासणाऱ्या भागांना वंगणही मिळतं.

2. खानदेशाला हे यंत्र नवं नाही

पास्कलचा नियम पुस्तकातून कारखान्यात यायला सव्वाशेहून जास्त वर्षं लागली. 1795 साली इंग्लंडमधल्या जोसेफ ब्रामाने हायड्रोलिक, म्हणजे द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या, प्रेसचं पेटंट घेतलं. त्याची खरी अडचण जोर मिळवण्याची नव्हतीच. दाब वाढला की दट्ट्याच्या कडेने पाणी फुसकन बाहेर यायचं. ती अडचण चामड्याच्या वाटीच्या आकाराच्या सीलने सुटली. आतला दाब वाढेल तशी वाटीची कड दट्ट्यावर अधिक घट्ट बसायची. या युक्तीचं श्रेय ब्रामाच्या कारखान्यातल्या हेन्री मॉड्सले या कारागिराला दिलं जातं. हे सील पुढे पुन्हा भेटणार आहे. घंटागाडीचं आयुष्य त्याच्याच वंशजावर अवलंबून असतं.

या प्रेसला मोठं गिऱ्हाईक मिळालं ते कापसाचं. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिथला कापूस अडकला आणि इंग्लंडच्या गिरण्यांची नजर इकडच्या कपाशीकडे वळली. त्यानंतरच्या दशकांत जळगाव, धुळे, अमळनेर, चाळीसगाव या पट्ट्यात जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले. सैल रुईचा ढीग दाबून त्याची घट्ट गाठ बांधायची, हे प्रेसचं काम. आजची भारतीय गाठ 170 किलोची असते आणि ती बांधणारी प्रेस तेलाच्या दाबावर चालते. कचरा दाबून भरणारी मोठी कॉम्पॅक्टर गाडी पाहिली की मला ही प्रेसच आठवते. दोन्ही एकाच घराण्यातल्या आहेत.

कोंडलेल्या द्रवाच्या दाबाचं आणखी एक जुनं काम याच मुलखात झालं आहे. मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या 1884 मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. उमेदीच्या त्या काळात त्यांनी धुळे भागात पांझरा नदीवर पाइपचा सायफन बांधला. पाटाचं पाणी पात्राखालच्या पाइपातून खाली उतरायचं आणि पलीकडे पुन्हा वर चढायचं. ते वर चढायचं, कारण मागच्या पाण्याचा दाब बंद पाइपात कुठे निसटत नव्हता.

3. तेलाचा प्रवास

आता गाडीखाली वाकून पाहू. चेसिसला एक छोटी टाकी बसवलेली असते. तिच्यातलं तेल पंप ओढून घेतो. पंपाच्या आत एकमेकांत अडकलेली दोन दातेरी चाकं असतात. ती फिरली की दातांच्या फटीतून तेल पुढे ढकललं जातं. या चाकांना फिरवायला इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून बाहेर काढलेली असते. त्या जोडणीला चालक-मेकॅनिक 'पीटीओ' म्हणतात. चालकाने पीटीओ टाकला की पंप फिरू लागतो आणि इंजिनाचा आवाज बदलतो. बॅटरीवरच्या घंटागाडीत पीटीओ नसतो. तिथे स्वतंत्र मोटर, पंप आणि टाकी एकाच पेटीत असतात. त्या पेटीला पॉवर पॅक म्हणतात.

पंपातून निघालेलं तेल दांडीच्या व्हॉल्व्हपाशी येतं. दांडी मधे असली की तेल परत टाकीत जातं आणि नुसतं फिरत राहतं. दांडी 'वर'कडे ओढली की रस्ता बदलतो आणि तेल जाड रबरी पाइपातून जॅकमध्ये शिरतं. जॅक म्हणजे पोलादी नळकांडं आणि त्याच्या आतला दट्ट्या. दट्ट्याला जोडलेला चकचकीत दांडा बाहेर सरकतो आणि डबा उचलतो. दांडी मधे आणली की जॅकमधलं तेल कोंडलं जातं, डबा आहे तिथे थांबतो. खाली आणताना बऱ्याच गाड्यांत पंपाची गरजच पडत नाही. तेलाला टाकीकडे वाट दिली की डब्याच्या स्वतःच्या वजनाने ते परत जातं.

या वाटेवर आणखी एक भाग असतो. तो बाहेरून सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, पण सगळ्यांना वाचवतो तो. त्याचं नाव रिलीफ व्हॉल्व्ह. दाब ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला की तो उघडतो आणि तेल टाकीत सोडून देतो. पावसाळ्यात ओल्या कचऱ्याने गच्च भरलेली गाडी कण्हत उभी राहते, पंप ओरडतो, पण डबा तसूभर हलत नाही. त्या वेळी हा व्हॉल्व्ह उघडलेला असतो. गाडी बिघडलेली नसते, ती 'वजन जास्त आहे' एवढंच सांगत असते. अशा वेळी व्हॉल्व्हचा स्क्रू आवळून डबा उचलायचा मोह होतो. आवळलेला स्क्रू पुढे पाइप फोडतो, नाहीतर दांडा वाकवतो.

4. थोडी आकडेमोड

छोट्या घंटागाडीचा डबा 1.8 घनमीटरचा धरू. आपल्याकडचा सैल, मिसळलेला कचरा घनमीटरला साधारण 300 ते 500 किलो भरतो. मधला 400 धरला तर डब्यात 720 किलो कचरा झाला. 2005 मध्ये आलेल्या आणि 'छोटा हत्ती' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिनी ट्रकची क्षमता पाऊण टनाच्या आसपास असते. म्हणजे डबा भरला की गाडीही भरली. माणशी दिवसाला 400 ग्रॅम आणि घरटी पाच माणसं धरली तर हा एक डबा 360 घरांचा होतो.

डब्याचं स्वतःचं लोखंड 280 किलोचं असेल तर उचलायचं एकूण वजन 1,000 किलो. डबा मागच्या कडेला बिजागरीवर बसवलेला आहे. वजनाचा मध्य बिजागरीपासून 90 सेंटिमीटरवर आहे आणि जॅक 30 सेंटिमीटर अंतरावरून ढकलतो आहे, असं समजा. बिजागरीच्या जितकं जवळून ढकलू तितका जास्त जोर लागतो. दार बिजागरीजवळ ढकलून पाहणाऱ्याला हे ठाऊक असतं. इथे अंतर एक तृतीयांश आहे, म्हणून जोर तिप्पट, म्हणजे 3,000 किलोचा लागेल.

जॅकचा आतला व्यास 63 मिलिमीटर असला तर दट्ट्याचं क्षेत्रफळ सुमारे 31 चौरस सेंटिमीटर होतं. 3,000 ला 31 ने भागलं की 97 येतात. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला 97 किलो दाब हवा. आपण कारच्या टायरमध्ये भरतो त्या हवेचा दाब याच मापात दोन-सव्वादोन असतो. तळहाताएवढाही नसलेला गोल दट्ट्या तीन टनांचा जोर देतो तो या दाबामुळे.

रिलीफ व्हॉल्व्ह 150 ला बसवला असेल तर जॅकच्या हातात 4,650 किलोचा जोर आहे. मधली तफावत गैरसोय नसून राखीव ताकद आहे. डबा वर चढू लागला की वजनाचा मध्य बिजागरीकडे सरकतो आणि लागणारा जोर कमी कमी होत जातो. सगळ्यात कठीण असते पहिली वीतभर उचल. डबा उचलला जाणार नसेल तर तो तिथेच अडतो, निम्म्या वाटेवर सहसा अडत नाही.

5. मग वेग कशावर?

बहुतेकांचा इथे गोंधळ होतो. डबा हळू चढतोय म्हणजे दाब कमी आहे, असं समजून लोक दाब वाढवायला जातात. दाब ठरवतो तो जोर. वेग ठरतो दर मिनिटाला किती तेल येतं त्यावरून.

वरच्याच जॅकचा दांडा 60 सेंटिमीटर बाहेर यायचा असेल तर 31 गुणिले 60, म्हणजे 1,860 घनसेंटिमीटर किंवा पावणेदोन लिटरहून थोडं जास्त तेल आत शिरलं पाहिजे. पंप मिनिटाला 10 लिटर देत असेल तर सुमारे 11 सेकंद लागतील. तोच पंप झिजून पाचच लिटर देऊ लागला तर 22. डबा हळू झाला की आधी टाकीतलं तेल, मग फिल्टर आणि मग पंप तपासावा. स्क्रूकडे हात जाऊ नये.

6. एक डबा, दोन खण

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितला. त्यानंतर गाड्यांच्या डब्यांत मधे पत्रा आला. एका बाजूला हिरवा रंग, दुसऱ्या बाजूला निळा. पण उलटवण्याचं काय? दोन्ही खण एकाच डब्यात, डबा एकाच जॅकवर आणि मागचं फाळकं एकच असेल, तर दांडी ओढताच दोन्ही खणांतला कचरा एकाच ठिकाणी पडतो. गृहिणीने सकाळी केळीची सालं आणि दुधाच्या पिशव्या वेगळ्या ठेवलेल्या असतात. त्या अकरा सेकंदांत पुन्हा एक होतात.

यावर उपाय अवघड नाही. दोन खणांना दोन स्वतंत्र फाळकी द्यायची आणि एक बंद ठेवून दुसरं उघडायचं, हा स्वस्त उपाय. दोन वेगळे डबे आणि दोन जॅक हा महाग उपाय. माझ्या मते घंटागाडी विकत घेताना विचारायचा पहिला प्रश्न हाच आहे, क्षमता आणि रंग त्यानंतर. लोक कचरा वेगळा करत नाहीत अशी तक्रार सगळीकडे ऐकू येते. वेगळा केलेला कचरा आपल्या डोळ्यांदेखत एकत्र पडताना ज्यांनी पाहिला, त्यांनी उद्यापासून मेहनत का घ्यावी?

जळगावात याला विशेष महत्त्व आहे. केळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा जिल्हा. इथल्या बाजारातल्या कचऱ्यात केळीचे दांडे, पानं आणि सालं भरपूर असतात. हा उत्तम खताचा माल आहे, पण प्लास्टिक मिसळलं की त्याचं खत कुणी घेत नाही.

7. मोठ्या गाड्या

चौकात ठेवलेला मोठा लोखंडी कंटेनर उचलून नेणाऱ्या गाडीला डंपर प्लेसर म्हणतात. तिच्या दोन बाजूंना दोन भुजा असतात. त्या मागे झुकतात, कंटेनरच्या साखळ्या अडकवल्या जातात आणि भुजा तो उचलून गाडीवर आणून ठेवतात. कंटेनर उचलून नेण्याची कल्पना अमेरिकेतल्या नॉक्सव्हिलच्या डेम्पस्टर बंधूंनी 1930 च्या दशकात रूढ केली. कंटेनर अधांतरी असताना सगळं वजन गाडीच्या मागे लोंबकळतं आणि पुढची चाकं हलकी होतात. म्हणून आधी जमिनीवर पाय टेकवायचे आणि मगच भुजा हलवायच्या, असा क्रम असतो. हे पायही हायड्रोलिकच असतात.

कॉम्पॅक्टरचं काम आणखी वेगळं. मागच्या तोंडात कचरा पडला की एक जाड पत्रा खाली येऊन तो आत ओढतो आणि दाबतो. आत दुसरी भिंत असते. ती कचरा भरत जाईल तशी जोर लावतच मागे सरते, त्यामुळे कचरा दोन्हीकडून दाबला जातो. रिकामं करताना मागचं अख्खं तोंड वर उचललं जातं आणि तीच आतली भिंत सगळा माल बाहेर लोटते. डबा उलटवावा लागत नाही. चाकांवरच्या डब्यांसाठी मागे उचलण्याची चौकटही असते. 1,100 लिटरचा डबा तिच्यावर अडकवला की तोंडापर्यंत जाऊन पालथा होतो.

सुक्या कचऱ्यासाठी ही गाडी छान. पुठ्ठा, पिशव्या, थर्माकोल यांत हवाच जास्त असते. ती निघून गेली की एका खेपेत कितीतरी जास्त माल मावतो. आपल्या ओल्या कचऱ्याचं तसं नाही. तो मुळात जड, त्यात पाणी भरपूर. दाबला की काळं पाणी सुटतं. ते साठवायची टाकी भरलेली असेल किंवा तिची तोटी तुटलेली असेल तर ते रस्त्यावर सांडत जातं. परदेशी शहरांचं पाहून कॉम्पॅक्टर घेताना हा फरक विसरू नये.

आणि एक साधं मोजमाप. घंटागाडीचा डबा उलटतो तेव्हा त्याची कड कॉम्पॅक्टरच्या तोंडाच्या आत आली पाहिजे. वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या ठिकाणून घेतलेल्या गाड्यांची उंची जुळली नाही तर कचरा मधे सांडतो. मग फावडं आणि पाटी घेऊन माणूस वाकतो. म्हणजे लाखोंची यंत्रं दोन्ही बाजूंना उभी आणि मधे पुन्हा माणसाचीच पाठ. हायड्रोलिकचा मूळ हेतू तीच पाठ वाचवण्याचा आहे. 720 किलो कचरा सात-सात किलोच्या फावड्याने उतरवायचा तर शंभराहून जास्त वेळा वाकावं लागतं, तेही काचा, सुया आणि कुजका वास यांच्यात. ट्रॅक्टरच्या साध्या ट्रॉल्यांच्या काळात सफाई कामगारांनी हेच केलं.

8. सील, धूळ आणि मे महिना

जॅकच्या दांड्याकडे जवळून पाहा. निरोगी दांडा आरशासारखा लखलखतो, त्यावर क्रोमचा कठीण थर असतो. नळकांड्याच्या तोंडाशी दांड्याला वेढून दोन कडी बसलेली असतात. बाहेरचं वायपर, ते दांडा आत जाताना त्यावरची धूळ पुसतं. आतलं सील, ते तेल रोखतं. ही रबर-प्लास्टिकची कडी ब्रामाच्या चामडी वाटीची आजची पिढी आहे आणि आजही त्यांची कड आतल्या दाबानेच घट्ट बसते.

दांडा बाहेर असताना त्यावर कचऱ्याचं आंबट पाणी उडतं. क्रोमला बारीक खड्डे पडतात. त्या खड्ड्यांच्या धारदार कडा प्रत्येक फेरीत सील खरवडतात. आधी दांड्यावर तेलाचा ओलसर तवंग दिसतो, त्यावर धूळ चिकटून काळा लेप होतो, तो लेप आत जातो आणि तेलात मिसळतो. त्या तेलातून फिरणारी कणकण माती पंपाच्या दातांना घासते. शेवटी डबा वर थांबवला तरी आपोआप खाली सरकू लागतो. सुरुवात झाली होती एका सीलपासून.

यात खानदेशच्या उन्हाळ्याची भर. भुसावळ-जळगावकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास जातो. दिवसभर चालणाऱ्या गाडीच्या टाकीतलं तेल त्याहून खूप तापतं. हायड्रोलिक तेलाच्या डब्यावर 46 किंवा 68 असा आकडा असतो, तो 40 अंशांना तेल किती दाट आहे ते सांगतो. 46 नंबरचं तेल 80 अंशांना पोचलं की त्याचा दाटपणा साधारण चौथा हिस्सा उरतो. पातळ तेल पंपाच्या फटींतून मागे निसटतं, वेग घटतो आणि ते निसटणंच तेलाला आणखी तापवतं. म्हणून उन्हाळ्यात 68 नंबर वापरतात. टाकीही पूर्ण भरलेली लागते. कारण जास्त तेल असलं की ते थंड व्हायला वेळ मिळतो.

उपाय कंटाळवाणे आहेत आणि म्हणूनच ते राहून जातात. गाडी धुताना दांडा फडक्याने पुसणं. डबा नेहमी खाली करून गाडी उभी करणं, म्हणजे दांडा आत झाकलेला राहतो. फिल्टर वेळेवर बदलणं. टाकीचं झाकण हरवलं तर चिंधी न कोंबता नवं झाकण बसवणं.

9. उचललेल्या डब्याखाली

डब्याच्या खाली लोखंडी टेकू असतो. दुरुस्तीसाठी डब्याखाली जायचं असेल तर तो लावल्याशिवाय डोकंही आत घालू नये. दांडी मधे आहे, इंजिन बंद आहे, चावी खिशात आहे, यातल्या कशावरही भरवसा ठेवता येत नाही. डबा फक्त तेलावर उभा असतो आणि पाइप फुटायला क्षण पुरतो. चांगल्या जॅकच्या तोंडाशी एक छोटा झडप-व्हॉल्व्ह बसवलेला असतो. पाइप फुटून तेल भसकन निघू लागलं की तो आपोआप मिटतो. गाडी घेताना तो आहे का, हे विचारायला हवं.

दुसरा धोका दिसत नाही. पाइपाला सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तर तेलाची बारीक धार कातडीतून आत घुसते. जखम मुंगी चावल्यासारखी दिसते, आतलं मांस मात्र सडू लागतं. हाताने चाचपून गळती शोधू नये, पुठ्ठा फिरवून शोधावी. आणि धार लागलीच तर दुखत नाही म्हणून घरी न जाता त्याच तासात शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालय गाठावं, 'हायड्रोलिक तेल आत गेलंय' असं स्पष्ट सांगावं.

तिसरा धोका जुन्या पेठांमधला. अरुंद गल्लीत विजेच्या तारा खाली आलेल्या असतात आणि चालकाची नजर मागच्या आरशात असते. वर चढणारी डब्याची कड तारेला भिडू शकते. डबा उलटवायच्या जागा आधीच ठरवून, वर पाहून नक्की करणं हे चालकाचं एकट्याचं काम नाही, ते मार्ग आखणाऱ्या अधिकाऱ्याचंही आहे.

शेवटी, बिघडलेली गाडी उभी राहिली तर काय होतं ते पाहू. जळगाव आणि धुळे या दोन्ही नगरपालिकांच्या महापालिका झाल्या त्या एकाच वर्षी, 2003 मध्ये. दोन्ही शहरं वाढली, वस्त्या लांब गेल्या. जळगावचा कचरा आव्हाणे शिवारात आणि धुळ्याचा वरखेडीकडे जायचा तर गाडीच्या खेपा मोजक्याच होतात. त्यातली एक गाडी सीलसाठी चार दिवस उभी राहिली तर तिच्या प्रत्येक खेपेमागे 360 घरांचा कचरा चौकात येतो आणि तो फावड्यानेच उचलावा लागतो. म्हणून गाड्यांच्या खरेदीपत्रातच प्रत्येक जॅकमागे सीलचे जोड, पाइपाचे राखीव तुकडे, फिल्टर आणि ते बदलू शकणारा शहरातलाच मेकॅनिक यांची तरतूद हवी. चालकाला दर आठवड्याला दांडा, तेलाची पातळी आणि पाइप तपासायला अर्धा तास कामाच्या वेळेतला मिळाला पाहिजे, त्याच्या जेवणाच्या सुट्टीतला नव्हे.